पंचमीला उघडलेलं पिल्लू

मेलेली कोंबडी उकिरड्यावर फेकण्याआधी एकदा उघडून बघायची, हे मला खातूनचाचीनं शिकवलं. शाळेनं चौथीपर्यंत बाराखडी, पाढे आणि हातावर छड्या दिल्या. त्यानंतर आईनं शाळा बंद केली, कारण म्हशीचं आणि घरातलं बघायला माणूस हवं होतं. मला त्याचं फार दुःख झालं असं काही नाही. पाढे मला कंटाळवाणे वाटायचे. कोंबडीच्या पोटात काय असतं ते बघताना मात्र मला भूक लागल्याचंही कळायचं नाही.

आमचं घर कोल्हापूरच्या कडेला, पेठ संपून उसाची रानं सुरू व्हायची तिथं. पुढं सोपा, आत चूल, मागं परडं. परड्यात म्हशीचा गोठा, जळणाचा ढीग, कोंबड्यांचं खुराडं आणि माझ्या छातीएवढी दगडी भिंत. आबा फौंड्रीत कामाला. सकाळी भोंगा व्हायच्या आत निघायचे आणि संध्याकाळी डोळे सोडून सगळे काळे होऊन यायचे. मधल्या वेळात घर आईचं. म्हैस आबांची म्हणायची, कारण तिचं दूध कुणाला घालायचं ते आबा ठरवायचे. कोंबड्या मात्र आईच्या. अंडी किती झाली, कुठली कोंबडी खुडूक झाली, कुणाकडं कोंबडा द्यायचा, यात आबांना तोंड घालता येत नव्हतं. एकदा घातलं होतं, तर आईनं म्हटलं, "तुमी लोखंड वता. अंडी म्या बगती." तेव्हापासून आबा फक्त रस्सा झाल्यावर बोलायचे.

सारवण माझ्याकडं होतं. एक दिवसाआड सोपा आणि चुलीपुढचं, आणि सणावाराला परड्यातला कोपरासुद्धा. शेण ताजं पाहिजे, पाणी बेतानं पाहिजे, हात एका दिशेनं फिरला पाहिजे. माझ्या सारवणावर पाच बोटांच्या कमानी सारख्या उठायच्या, आणि गल्लीतल्या बायका त्या बघून आपल्या लेकींना बोल लावायच्या. घर सारवलेलं असलं की रोगराई उंबऱ्याबाहेर राहते, असं आई म्हणायची. कुणी शिंकलं तरी सारवायचं, पावणा येऊन गेला तरी सारवायचं. हे मी इथं सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं त्यात माझे हात होते.

भिंतीपलीकडं खातूनचाची. तिचा नवरा मुलाणी. आसपासच्या जत्रांना बकरी-कोंबडी त्याच्याच हातनं व्हायची, आणि रविवार-बुधवार लोक घरची कोंबडी काखेत मारून त्याच्या दारात यायचे. तो कापून मोकळा व्हायचा. साफ करायचं काम चाचीचं. ती पुढ्यात पितळी परात घेऊन बसायची, गरम पाण्यात बुडवलेल्या पिसांचा ओला वास सुटायचा, आणि मी भिंतीवरनं उडी मारून तिच्यासमोर जाऊन बसायची. दिवसाला पंधरा-वीस कोंबड्यांची पोटं बघणारी बाई. तिला कोंबडीचा रोग कळायचा तो बाहेरून नाही, आतून.

"बग," ती म्हणायची, "हे काळीज. असं गुळगुळीत, तांबूस पायजे. ह्यावर पांढरे दाणे दिसले की गिऱ्हाइकाला म्हणायचं, बाबा, ही नगं खाऊस." मग पथरी, म्हणजे दाणे भरडणारी जाड पिशवी. ती उभी चिरून आतली खडे-रेती झटकून पिवळी साल सोलायची. पथरीच्या आधी एक छोटी मऊ पिशवी असते, बोराएवढी. लोक ती बघतही नाहीत. चाची ती मुद्दाम उलटी करायची. "मानमोडी हितं बसती," म्हणायची. मानमोडीनं मेलेल्या कोंबडीच्या त्या पिशवीत लाल ठिपके असतात, सुई टोचल्यासारखे. आणि आतड्याच्या शेवटी दोन फाटे असतात, पुढं बंद असलेले, करंगळीसारखे. ते कशासाठी असतात, असं मी विचारलं. चाची म्हणाली, "मला काय ठावं? अल्लानं दिल्यात, असतील कशाला तरी." मला तिचं हे आवडायचं. माहीत नसलेलं माहीत नाही म्हणायची. आमच्या घरात ही पद्धत नव्हती.

आमच्या घरातली पद्धत अशी. कोंबडी गुमसली की हळद-लसणाची गोळी. सावरली नाही तर तंबाखूचं पाणी. तुऱ्यावर फोड आले की खोबरेल तेल. घशात घरघर झाली की जिभेच्या टोकाची खवली नखानं काढायची. त्यानं कोंबडी हटकून मरायची, पण प्रत्येक बाई ती काढायचीच. आणि दोन-चार लागोपाठ मेल्या की मानमोडी आली म्हणायचं, उरलेल्या चांगल्या दिसणाऱ्या कोंबड्या टोपलीत घालायच्या आणि माहेरी नेऊन सोडायच्या. रोग गावाला येतो, कोंबडीला नाही, अशी समजूत. गाव बदललं की कोंबडी वाचली. कुठल्या गावची बाई कुठल्या गावाला टोपली घेऊन चालली यावरून त्या काळी रोगाची वाट सांगता आली असती. पण ती वाट कुणी उलटी चालून बघितली नव्हती.

त्या पावसाळ्यात आईनं चौदा पिल्लं काढली होती. आबांच्या फौंड्रीतल्या एकानं सरकारी फार्मवरची मोठी तपकिरी अंडी आणून दिली होती, आणि आमची कवडी कोंबडी त्यांच्यावर बसली. कवडी एवढीशी, अंडी तिच्या पोटाखालनं बाहेर डोकावायची. आई रोज त्यांना आत ढकलायची आणि म्हणायची, "बस की गं बाई, पोसायला काय तुलाच लागतंय?" चौदाच्या चौदा फुटली. असं सहसा होत नाही. आई गल्लीभर सांगून आली. ही पिल्लं मोठी होणार, रोज अंडी देणार, आणि कुणापुढं हात न पसरता ती स्वतःचं लुगडं स्वतः घेणार, असा तिचा हिशेब होता. रात्री पिल्लं परड्यातल्या छपराखाली बांबूच्या डालग्यात झाकलेली असायची, आणि जागा चांगली स्वच्छ राहावी म्हणून तिथंही मी सारवायची.

तीन-चार आठवड्यांची झाली आणि पावसानं जोर धरला. एका सकाळी दोन पिल्लं पंख पाडून, डोळे मिटून, कोपऱ्यात फुगून उभी. गारठलेल्या म्हाताऱ्यासारखी. दुपारी एक मेलं, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी आणखी एक. आईनं हळद-लसूण केलं, तंबाखू केलं, आणि मला म्हणाली, "सारव. सकाळ-संध्याकाळ सारव. घाण झालीय कुटंतरी." मी सारवलं. शीट उचलताना मला त्यात लाल दिसलं. आईला दाखवलं तर ती म्हणाली, "मानमोडी हाय ती. मानमोडीत आसंच हुतंय." पण पिल्लांची मान कुठं मोडली होती? ती सरळच होती. मी आईला तसं म्हटलं. उत्तरादाखल मला एक धपाटा मिळाला.

पंचमी आली. दरवर्षी आमचा बाळूमामा कोडोलीहून आईला न्यायला पंचमीच्या आधीच यायचा, पण त्या वर्षी नदीला पाणी आल्यामुळं दोन दिवस गाडी बंद होती. आईनं आदल्या दिवशी भावाचा उपवास धरला आणि दिवसभर रस्त्याकडं कान लावून बसली. मामा आला तो पंचमीलाच सकाळी, गुडघ्यापर्यंत चिखलात, हातात लाह्यांची पिशवी. आईनं उकडलेली दिंडं वाढली. पंचमीला चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा ठेवायचा नाही, नांगर धरायचा नाही. विळी आदल्या रात्रीच आडवी करून भिंतीला टेकवलेली असते. भाजी लागली तर हातानं खुडायची. जेवता जेवता आईनं सांगून टाकलं, "बाळू, धा पिल्लं हायत. चांगली चांगली टोपलीत घालून संगं घेती. हितं ऱ्हायली तर मरत्याली."

मामानं दिंड तोंडात धरूनच मान डोलावली. त्याच्या घरी तीस कोंबड्या होत्या. मामी त्यांना नावानं हाक मारायची.

मी हात धुवायचं निमित्त करून परड्यात गेले. डालगं उचललं तर आणखी एक पिल्लू पाय ताणून पडलेलं, अजून गरम. ते ओच्यात घेतलं आणि भिंत चढले.

चाची उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. मी पिल्लू तिच्यापुढं ठेवलं. "चाची, उघड. मानमोडी हाय का बग. आई टोपली घेऊन चालली कोडोलीला."

तिनं पिल्लाकडं बघितलं आणि हात मागं घेतला. "आज न्हाय उगडत. आज पंचमी. आमच्या घरातबी आज सुरी उचलत न्हाईत. तुज्या चाचाच्या आज्ज्यापासनं न्हाय."

"तुमचा कुठं सण हाय?"

"शेजारी कुणाचा हाय?" ती म्हणाली. "उद्या आण."

"उद्यापतुर आई कोडोलीत पोचंल. आन् पिलू कुजंल."

ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली. मी तिथंच बसले. पत्र्यावर पाऊस वाजत होता. मला त्या वेळी काय सुचलं ते मी अजून विसरलेले नाही, कारण आयुष्यात मला वेळेवर सुचलेल्या गोष्टी फार थोड्या. मी म्हटलं, "चाची, आज भाजी कापत न्हाईत, पण मेथी खुडत्यात की. पिलू कापायचं न्हाय. फाडायचं."

चाचीनं माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं आता मारते. मग तिच्या तोंडाला पदर गेला. हसत होती. "तू कुनाच्या कोर्टात वकील हुनार गं?" असं म्हणत तिनं पिल्लू उचललं, दोन्ही अंगठे त्याच्या पोटावर ठेवले आणि पालेभाजी सोडवावी तशी कातडी बाजूला केली. एवढ्या पिल्लाची कातडी कागदासारखी असते. सुरी लागतच नाही.

आधी तिनं ती बोराएवढी पिशवी बोटांनी उलटी केली. आत पांढरी, स्वच्छ. एकही ठिपका नाही. मग आतडं ओढत ओढत शेवटापर्यंत नेलं. ते दोन बंद फाटे, एरवी हिरवट बारीक असतात ते, माझ्या अंगठ्याएवढे टम्म फुगलेले, काळपट लाल. तिनं एक दाबला. आतून गोठलेलं रक्त आलं.

"मानमोडी न्हाय," चाची म्हणाली. "हे रगताचं हाय. पावसाळ्यात पिलांना हुतंय, मोट्या कोंबडीला न्हाय. माजी सासू पावसात पिलं राकंवर ठेवायची. ओलीवर ठेवलं की धरतंयच म्हनायची. का ते मला इचारू नगंस."

मी विचारलं नाही. मी भिंतीवर बसून आमच्या परड्याकडं बघत राहिले. तीन पिल्लं अशी होती की ती पहिल्यापासून डालग्यात थांबायची नाहीत. फटीतनं निसटून जळणाच्या ढिगावर जाऊन बसायची, छपराच्या आतल्या बाजूला, कोरड्या जागी. आई त्यांना गावभवानी म्हणायची. ती तिन्ही टुणटुणीत होती. मेलेली पाचही डालग्यातली. पुढची मरायला टेकलेली दोनही डालग्यातलीच. डालगं माझ्या सारवणावर. आणि ते सारवण त्या पावसात वाळतच नव्हतं. वाळायच्या आत मी पुन्हा शेणपाणी फिरवत होते. रोग वाढला तशी आई जास्त सारवायला लावत होती, आणि मी सारवत होते तसा रोग वाढत होता. पाच बोटांच्या कमानी किती छान उठल्या होत्या.

आता मला कळतं की तो डोळ्यांना न दिसणारा किडा असतो आणि ओल्या जागेत शिटेतून तो एका पिल्लाकडनं दुसऱ्याकडं जातो. पुढं दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं. पण त्या दिवशी किडा-बिडा काही माहीत नसताना मला जेवढं दिसलं तेवढ्यावरही भागलं. माणसानं आधी नुसतं मोजावं, मग नाव विचारावं.

मी पिल्लू तसंच उघडं हातावर घेऊन घरात गेले. पंचमीच्या दिवशी, चुलीपाशी. आई किंचाळली, "मुडदा बशिवला तुजा! कापलंस? आज कापलंस?"

"कापलं न्हाय. फाडलं."

मामाला ठसका लागला. आईनं उलथनं उचललं, पण मी मामाच्या पाठीमागं जाऊन तिथनंच सगळं सांगितलं. पिशवीत ठिपका नाही, फाट्यांत रक्त आहे, ढिगावरची तीन बरी आहेत, चूक सारवणाची आहे. शेवटचं सांगायला नको होतं. आईचा चेहरा बदलला. "म्हंजी म्या मारली पिलं? स्वच्छता ठेवून म्या मारली?"

"मी सारवलं," मी म्हटलं. "आपण दोघींनी."

"आक्का," मामा पाणी पिऊन म्हणाला, "तुजी लेक डाक्तरीण झाली की."

"बोडक्याची डाक्तरीण!"

"आसू दे बोडक्याची. पन मी काय म्हंतो, हिचं खोटं आसंल तर पिलं मानमोडीची हायत, आन् खरं आसंल तर रगताची हायत. माज्या घरात दोन्ही नकोत. बायको मला घरात घ्यायची न्हाई. टोपली ऱ्हाऊ दे."

हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. आईनं उलथनं चुलीपाशी ठेवलं. मग लुगडं बदललं, पिशवी घेतली आणि निघताना मला म्हणाली, "म्या यीस्तवर पिलं ऱ्हायली न्हाईत तर बगच." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते पिल्लांसाठी की रागानं ते मी विचारत बसले नाही. नऊ उरली होती.

ते सहा दिवस माझ्या आयुष्यातले चांगले दिवस. घरात मी आणि आबा, आणि आबा रात्रीपुरतेच. डालगं मी छपराच्या आतल्या कोपऱ्यात विटांवर पाट टाकून वर चढवलं. खाली चुलीतली राख आणि भाताचा तूस. रोज संध्याकाळी तो काढून नवा टाकायचा. आजारी दोन वेगळी. दुसऱ्या दिवशी त्या पिल्लाची आतडी पळसाच्या पानात गुंडाळून जनावरांच्या दवाखान्यात चालत गेले. खिडकीतल्या कंपाउंडरनं पान उघडलं आणि खुर्चीसकट मागं सरकला. मग पुन्हा पुढं वाकून बघितलं. "कुणी कापलं हे?" मी सांगितलं, कापलं नाही. तो हसला नाही, पण आत जाऊन डॉक्टरांना दाखवून आला आणि पांढऱ्या भुकटीच्या पुड्या दिल्या. पाण्यात घालायची, तीन दिवस द्यायची, दोन दिवस थांबायचं, मग पुन्हा. दुसरं पाणी ठेवायचं नाही. मी हे चारदा म्हणून दाखवलं. आजारी दोन्ही मेली. बाकीची सात खायला लागली, मग भांडायला लागली, तेव्हा मी निर्धास्त झाले. भांडणारं पिल्लू मरत नाही.

सहा दिवस मी हाताला शेण लावलं नाही. समोरची काकू दोनदा दारातनं डोकावून गेली. "आई म्हायेरी ग्येली की पोरीनं सारवान सोडलं! कमानी कुटं ग्येल्या गं शाले?" मी म्हटलं, "वाळायला टाकल्यात."

सातव्या दिवशी आई आली. गाडीतनं उतरून थेट परड्यात गेली, पिल्लं मोजली, राखेला हात लावून बघितला. शाबासकी वगैरे काही नाही. ते आमच्यात नव्हतंच. पण तिनं पिशवीतनं फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि माझ्यापुढं ठेवलं. "वैनीच्या कोंबड्या पटापटा मराय लागल्यात. म्या म्हनलं, आमची शाली पोट उगडून सांगती. तिला दावती. बग हिला काय झालंय."

फडक्यात मामीची कोंबडी होती. कालची मेलेली. आईनं ती मांडीवर घेऊन कोडोलीहून आणली होती.

मला जे वाटलं ते खरं सांगायचं तर अभिमान. आईनं माझ्यासाठी मेलेली कोंबडी आणली होती. दुसरी कुणी बांगड्या आणल्या असत्या तरी मला एवढं वाटलं नसतं. मी विळी घेतली, परड्यातच बसले, पोट चिरलं, बोराएवढी पिशवी उलटी केली. लाल ठिपके. चाची सांगायची तसेच, सुई टोचल्यासारखे, गोलाकार. मी ते पहिल्यांदाच इतके स्पष्ट बघत होते. मी वाकून मोजत होते. आई माझ्या खांद्यावरनं बघत होती आणि विचारत होती, "हे का? हेच का ते?"

भिंतीवरनं चाचीचा आवाज आला. "काय हाय गं ते?" तिनं वाकून बघितलं आणि तोंडावर हात नेला. "या खुदा! मानमोडीचं मेलेलं दारात आनलंसा?" ती वळली, आणि पुढच्या क्षणाला मला तिच्या परड्यातनं कोंबड्यांचा कालवा ऐकू आला. ती आपल्या कोंबड्या एकेक पकडून घरात कोंडत होती. त्यानंतर वीस दिवस तिनं आम्हाला उंबरा ओलांडू दिला नाही. भिंतीपासनं चार हात लांब उभी राहून बोलायची. तिची एकही कोंबडी मेली नाही.

आम्ही ती कोंबडी खोल पुरली. आईचं लुगडं उकळलं, फडकं जाळलं, राख बदलली. पण रक्त परड्यात सांडलं होतं आणि कवडी त्याच दिवशी तिथं चोच मारून गेली होती. पाचव्या दिवशी कवडी शिंकली. हिरवट-पांढरी शीट. सातव्या दिवशी तिची मान पिळवटली, डोकं पायांमध्ये गेलं, आणि ती स्वतःभोवती फिरायला लागली. मग मोठ्या कोंबड्या. मग सात पिल्लं, जी रक्ताच्या रोगातनं निघाली होती. त्या गावभवान्या तिघी सगळ्यात शेवटी. या रोगाला पुडी नव्हती. मी दवाखान्यात विचारून आले होते. प्रत्येक मेलेली मी उघडून बघितली. बघायची गरज नव्हती. तरी बघितली.

शेवटची पुरून आल्यावर आई न्हाणीच्या दगडावर हात घासत बसली होती. ती म्हणाली, "म्येलेलं घरात आनायचं न्हाई, ह्ये तू आदी का न्हाई सांगितलंस?"

"मला तरी कुटं ठावं हुतं?"

"आता झालं की ठावं."

मग तिनं विचारलं की आधीच टोचून घ्यायची काही सोय असते का, माणसांना टोचतात तशी. मी म्हटलं, विचारून येते. "मग जा की," ती म्हणाली, "बसलीस काय?"

खिडकीत तोच कंपाउंडर होता. मी मानमोडीच्या लशीचं विचारलं. त्यानं सगळं नीट सांगितलं: लस थंड ठेवावी लागते, आजारी पडायच्या आधीच टोचावी लागते, पक्षी सगळे एकदम आणायचे. मग त्यानं पेन्सिल कानावरनं काढली.

"तुमच्याकडं पक्षी किती?"

"आता एकबी न्हाय," मी म्हटलं. "आदी इचारून ठेवायला आलेय."